पांचवें चाक

प्रत्येक घरांत कांहीं वस्तु अशा असतात कीं, त्यांचा उपयोग करण्याची पाळी येऊं नये अशीच घरांतील सर्वांची इच्छा असते. माळ्यावरचा कंदील, कपाटांतील मलमपट्टीची पेटी, देव्हाऱ्याजवळची जादा आगपेटी, हीं सारीं अडीनडीचीं साधनें होत. ज्या घरीं मोटार आहे त्या घरीं या यादींत आणखी एका वस्तूची भर पडते. ती म्हणजे डिकींत, गालिच्याखालीं, वर्षानुवर्षें निजून असलेलें पांचवें चाक. बोलण्यांत त्याला सर्वजण ‘स्टेपनी’ म्हणतात. चार चाकें रस्त्यावर झिजतात, म्हणून त्यांची थोडीबहुत विचारपूस होते. पांचवें चाक झिजत नाहीं, म्हणून त्याची वास्तपुस्त कोणी करीत नाहीं. ‘तें तर अजून नवें कोरें आहे,’ असें मालक मोठ्या समाधानानें सांगतो. वापरली नाहीं म्हणजे वस्तु नवी राहिली, ही समजूत सोन्याच्या नाण्याच्या बाबतींत खरी ठरेल. हवेनें भरलेल्या रबराच्या बाबतींत ती खरी नाहीं. स्टेपनी पडून असते तेव्हां तिच्यांतील हवा हळूहळू निघून जात असते आणि तिचें रबर हळूहळू म्हातारें होत असतें. या दोन गोष्टींचा विचार येथें करावयाचा आहे.

समजा, मुंबईचें एक कुटुंब गणपतीसाठीं कोंकणांत निघालें आहे. गाडींत वृद्ध आई आहे, दोन मुलें आहेत, मागें मखराचें सामान आहे. मध्यरात्र उलटून गेली आहे, पाऊस कोसळत आहे, आणि कशेडी घाटाच्या जुन्या वळणांवर एका चाकांत खिळा शिरतो. सारें सामान भिजत्या रस्त्यावर उतरवून, डिकी रिकामी करून, विजेरीच्या उजेडांत स्टेपनी बाहेर काढली जाते. नट आवळून झाले, जॅक खालीं घेतला, आणि पाहतां पाहतां तें ‘नवें कोरें’ चाक जमिनीवर पोळीसारखें चपटें होऊन बसलें! झांकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथें मूठ उघडली तेव्हां ती रिकामी निघाली. उजाडेपर्यंत त्या कुटुंबास तेथेंच बसणें भाग आहे.

त्याच रात्रीं त्याच रस्त्यावर दुसऱ्या एका गाडीचें चाक बसतें. हे गृहस्थ अधिक दक्ष आहेत. त्यांच्या स्टेपनींत हवा बरोबर भरलेली आहे. दहा मिनिटांत चाक बदलून गाडी मार्गस्थ होते. परंतु गाडी जुन्या बाजारांत घेतलेली, आणि स्टेपनी तिच्या जन्मापासूनची, म्हणजे बारा वर्षांची आहे. तिच्यावरील नक्षी अजून खोल आहे, म्हणून तिच्या वयाची शंका कोणास आली नाहीं. गेलेला वेळ भरून काढण्यासाठीं गाडी वेगानें जाऊं लागते, आणि पन्नास-साठ किलोमीटरांवर टायरचा वरचा पट्टा सोलून निघतो व गाडी भलतीकडे ओढली जाते. पहिल्या कुटुंबाची एक रात्र फुकट गेली. दुसऱ्यावर जीव जाण्याचा प्रसंग आला. कमी झालेली हवा डोळ्यांस दिसते, चाक चपटें झालें कीं सारेच सावध होतात. वय मात्र डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून त्याचा धोका अधिक.

हें जादा चाक मोटारीबरोबर जन्मलेलें नाहीं. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धांव असे. ती झिजे, पण फुटण्याचा प्रश्न नव्हता. चाकाभोंवतीं हवेची गादी बसवावी, ही कल्पना स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यानें १८४५ सालीं प्रथम पेटंट करून घेतली. त्यानें ती घोड्याच्या गाड्यांस लावूनहि दाखविली. परंतु काळ अनुकूल नव्हता आणि ती कल्पना विसरली गेली. पुढें १८८७ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलॉप नांवाच्या पशुवैद्यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवा भरलेली रबरी नळी तयार केली, आणि दुसऱ्या वर्षीं तिचें पेटंट घेतलें. थॉमसनचें पेटंट आधींचें असल्याचें उघडकीस आल्यावर डनलॉपचें पेटंट पुढें रद्द झालें. तथापि हवेच्या चाकाचा प्रसार त्याच्याच उद्योगानें झाला. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोपर्यंत जाऊन परत येण्याच्या शर्यतींत मिशलँ बंधूंनीं मोटारीस हवेचे टायर लावून दाखविले. वाटेंत ते पुनःपुन्हां फुटले, तरी मोटारीचें भवितव्य कशांत आहे तें जगास कळून चुकलें.

आरंभींच्या मोटारींत जादा चाक नसे. टायर फुटला कीं चालकानें रस्त्याच्या कडेला बसून तो रिमवरून उपसावा, ट्यूबला ठिगळ लावावें, पुन्हां हवा भरावी, असा क्रम असे. वेल्समधील लानेली गांवच्या वॉल्टर व टॉम डेव्हिस या बंधूंनीं १९०४ सालीं यावर एक उपाय काढला. आरे नसलेली एक लोखंडी कडी, तिच्यावर आधींच हवा भरलेला टायर; टायर फुटला कीं ही कडी फुटक्या चाकाच्या बाजूस चिमट्यांनीं आवळावी आणि गाडी हांकावी. त्यांचें काम स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावर चाले, म्हणून त्या चाकास ‘स्टेपनी’ हें नांव पडलें. ज्या देशांत ही वस्तु निघाली तेथें तें नांव आतां मागें पडलें आहे. परंतु हिंदुस्थानांत तें पंक्चरवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांच्या तोंडीं आहे, आणि दूर ब्राझीलमध्येंहि जादा चाकास ‘एस्तेपे’ म्हणतात. वेल्समधील एका रस्त्याचें नांव कोंकणांतील घाटांत रोज उच्चारलें जावें, हा भाषेचा मोठा गमतीचा प्रवास आहे.

आतां हवेकडे वळावें. मोटारीचा भार टायर वाहतो असें म्हणण्याची रीत आहे. वास्तविक तो भार मुख्यतः टायरांतील हवा वाहते, आणि टायर हें त्या हवेचें पात्र आहे. माणसांसह एका गाडीचें वजन १,४०० किलो धरलें, तर प्रत्येक चाकावर सुमारें ३५० किलो, म्हणजे ७७० पौंड भार येतो. टायरांत दर चौरस इंचास ३३ पौंड दाब असेल, तर हा भार पेलण्यास सुमारें २३ चौरस इंच जागा जमिनीस टेंकावी लागते. ही जागा मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजाएवढी होते. सारी गाडी, तिच्यांतील माणसें आणि त्यांचा जीव अशा चार पंजांवर रस्ता धरून असतो. दाब २० पौंडांवर आला, तर तेवढाच भार पेलण्यासाठीं टायर अधिक दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती फुगतात, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यांत त्या पुनःपुन्हां वांकतात व सरळ होतात. तार वांकवून वांकवून हातांत गरम होते, त्याप्रमाणें हा टायर तापतो. तापला म्हणजे त्यांतील थरांची पकड ढिली होते. टायर फुटण्याचें खापर पुष्कळ वेळां रस्त्यावर फोडलें जातें. वस्तुतः कमी हवा, जादा भार आणि वेग या तिघांनीं मिळून तें काम आधींच अर्धें करून ठेवलेलें असतें.

रबर हें कांच किंवा लोखंड यांच्याप्रमाणें हवाबंद नाहीं. त्याच्या कणांमधून हवा अत्यंत सावकाश बाहेर झिरपते. टायरच्या आंतील अस्तर हवा धरून ठेवणाऱ्या खास रबराचें असतें, तरीहि निरोगी टायरांतून दरमहा साधारण एक पौंड दाब कमी होतो. व्हॉल्व्ह जुना असला किंवा त्याचें टोपण हरवून आंत माती गेली असली, तर अधिकच. चालत्या चाकांतील घट कोणाच्या तरी ध्यानांत येते; डिकींतील चाकाकडे पाहणारा कोणी नसतो. म्हणून दोन-तीन वर्षें न पाहिलेली स्टेपनी निम्म्या दाबावर आलेली सांपडली, तर त्यांत नवल नाहीं.

याला ऋतूंचीहि साथ असते. हवा थंड झाली कीं आकुंचन पावते आणि तिचा दाब कमी होतो. नागपूरच्या मे महिन्यांत, ४५ अंशांच्या दुपारीं, स्टेपनींत ३३ पौंड हवा भरली, आणि डिसेंबरच्या पहांटे तेथेंच १२ अंशांवर ती मोजली, तर एक कणहि बाहेर न जातां दाब सुमारें पांच पौंडांनीं उतरलेला दिसेल. म्हणून दाब नेहमीं टायर थंड असतांना, शक्य तर सकाळीं, मोजावा. आणि ऋतु पालटतांना तो मुद्दाम पहावा.

मग स्टेपनींत हवा किती भरावी? पहिला नियम असा कीं, गाडीच्या कारखान्यानें जो आंकडा दिला असेल तो प्रमाण मानावा. हा आंकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, कांहीं गाड्यांत पेट्रोलच्या झांकणाच्या आंत, आणि गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत छापलेला असतो. टायरच्या भिंतीवर एक मोठा आंकडा उठविलेला असतो, तो भरण्याचा दाब समजून कित्येक जण फसतात. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो. रोजचा दाब सांगत नाहीं. दुसरा नियम असा कीं, स्टेपनी जर बाकीच्या चाकांएवढीच असेल आणि तिच्यासाठीं वेगळा आंकडा दिलेला नसेल, तर तक्त्यावरील सर्वांत मोठा दाब, म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीच्या मागच्या चाकाचा दाब, तिच्यांत ठेवावा. वर दोन-तीन पौंड जास्त असले तरी चालतात. कारण उघड आहे. कोणत्या वेळीं कोणतें चाक बसेल हें आधीं सांगतां येत नाहीं, आणि रानावनांत जादा हवा सोडून देणें सोपें, पण कमी पडलेली हवा आणावी कोठून? चाक बसविल्यावर त्या जागेस योग्य एवढा दाब ठेवून बाकीची हवा सोडावी. मात्र ‘जास्त ती बरी’ म्हणून भलतीच हवा ठासूं नये. फार फुगलेला टायर मध्यभागींच जमिनीस टेंकतो, त्याची पकड कमी होते आणि खड्ड्याचा धक्का त्यास सोसत नाहीं.

अलीकडे पुष्कळ गाड्यांतून जागा व वजन वांचविण्यासाठीं अरुंद, लहान अशी तात्पुरती स्टेपनी देतात. तिचा हिशोब अगदीं निराळा आहे. तिची जमिनीस टेंकणारी जागा लहान, म्हणून तोच भार पेलण्यास तिला जास्त दाब लागतो. बहुतेकांवर ६० पौंड असें लिहिलेलें असतें. पंपावरील मुलगा चारी चाकांस ३३ भरतो आणि तीच नळी पांचव्यासहि लावतो. त्याला वाटतें काम झालें, पण ६० पौंडांची स्टेपनी ३३ पौंडांवर म्हणजे अर्धी रिकामीच समजावी. अशा चाकावर बहुधा ताशी ८० किलोमीटरांची मर्यादा छापलेली असते. ती जवळच्या दुरुस्तीच्या दुकानापर्यंत पोंचविण्यासाठीं आहे; तीवर यात्रा पुरी करावयाची नसते.

हवा कमी झाली तर ती भरतां येते. वय भरून काढतां येत नाहीं. रबर म्हातारें कां होतें, हें समजण्यासाठीं त्याच्या घडणीकडे थोडें पाहिलें पाहिजे. झाडाच्या चिकापासून निघालेलें कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट व थंडींत ठिसूळ होतें. अमेरिकेंतील चार्लस् गुडइयर यास १८३९ सालीं असें आढळलें कीं, रबरांत गंधक मिसळून तें तापविलें म्हणजे हे दोन्ही दोष जातात. १८४४ सालीं त्यानें त्याचें पेटंट घेतलें. गंधक येथें काय करतो? रबराचे लांबच लांब धागे एकमेकांत गुंतलेले असतात. गंधक त्यांच्यामध्यें जागजागीं सांधे घालतो. सांधे मोजके असले म्हणजे रबर ताणलें तरी तुटत नाहीं आणि सोडलें तरी पूर्ववत् होतें.

परंतु हें सांधे घालण्याचें काम कारखान्यांत संपत नाहीं. पुढें हवेंतील प्राणवायु तें आपल्या परीनें चालू ठेवतो. तो रबरांत शिरून कोठें नवे सांधे घालतो, कोठें धागे तोडतो. परिणामीं रबर कडक होतें, त्याचें ताणलें जाण्याचें सामर्थ्य घटतें, आणि एकावर एक चिकटविलेल्या थरांची पकड सैल होऊं लागते. मोटारीच्या आधुनिक टायरांत पोलादी तारांचे पट्टे रबरांत बसविलेले असतात. त्या पट्ट्यांच्या कडेशीं ही सैलपणाची सुरुवात झाली, तर बाहेरून कांहींच दिसत नाहीं; पण वेगानें फिरतांना एक दिवस नक्षीचा सबंध पट्टा सुटून जातो.

येथें एक नवल लक्षांत घेण्यासारखें आहे. हा प्राणवायु बाहेरून येतो तसाच आंतूनहि येतो. ३३ पौंडांवर भरलेल्या टायरांतील हवा बाहेरच्या हवेच्या तिपटीहून अधिक दाबाखालीं असते. म्हणून तेथें प्राणवायूचा जोरहि तिप्पट. ६० पौंडांच्या लहान स्टेपनींत तो पांचपट होतो. तेव्हां सावलींत झांकून ठेवलेली, रस्ता न पाहिलेली स्टेपनी म्हातारपणापासून सुटते असें नाहीं. तिच्या पोटांत भरलेली हवाच तिला रात्रंदिवस जुनी करीत असते. अर्थात् म्हणून हवा कमी ठेवणें हा उपाय नव्हे. वय मोजणें हाच उपाय.

दुसरा शत्रु ओझोन वायु. हवेंत त्याचें प्रमाण अत्यल्प असतें, पण ताणलेल्या रबरास तो बारीक बारीक भेगा पाडतो. कारखानदार रबरांत एक प्रकारचें मेण व इतर संरक्षक द्रव्यें घालतात. टायर फिरतांना व दबतांना हें मेण पृष्ठभागावर येत राहतें आणि त्याचा पातळ थर रबरास झांकतो. जो टायर फिरतच नाहीं, त्याच्या पृष्ठभागास हें संरक्षण कमी मिळतें. माणसाचे सांधे बसून आंखडतात, तशीच कांहींशी ही गत आहे.

तिसरा शत्रु उष्णता; ती वरील सर्व क्रियांचा वेग वाढविते. उष्णमान दहा अंशांनीं वाढलें कीं अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा एक ढोबळ नियम आहे. उन्हांत उभ्या केलेल्या गाडीची डिकी किती तापते, हें विदर्भ-मराठवाड्यांतील मंडळींस सांगावयास नको. मोठ्या गाड्यांच्या पोटाखालीं सांखळीनें टांगलेली स्टेपनी धुराच्या नळ्याच्या उष्णतेस, चिखलास व दगडांच्या माऱ्यास तोंड देते. मागच्या दारावर बसविलेली ऊन खाते. प्रत्येक जागेचा असा एक ना एक दोष आहे. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्यानें ॲरिझोना प्रांतांतील फीनिक्स या अतिशय उष्ण शहरीं लोकांच्या गाड्यांचे टायर उतरवून घेऊन तपासले, तेव्हां चालत्या टायरांचा ऱ्हास वयाबरोबर वाढत जातो असें दिसलेंच. परंतु गाडींत नुसत्या पडून असलेल्या पूर्ण आकाराच्या स्टेपन्यांचें रबरहि जुनें झालेलें आढळलें. महाराष्ट्राचा उन्हाळा ज्यांनीं भोगला आहे त्यांनीं ही गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

वयाचा धोका केवळ प्रयोगशाळेंतला नाहीं. सप्टेंबर २०१२ मध्यें इंग्लंडांत सरे परगण्यांतील हाइंडहेड येथें, एका संगीत-महोत्सवाहून तरुण मंडळींना घेऊन परतणारी बस पुढचा टायर फुटल्यानें झाडावर आदळली. चालक व दोन तरुण मृत्यु पावले, अनेक जबर जखमी झाले. तपासांत आढळलें कीं, तो टायर साडेएकोणीस वर्षांचा, खुद्द बसपेक्षांहि वयानें मोठा होता. त्या वेळीं तेथील कायद्यांत टायरच्या वयाला मर्यादाच नव्हती. मृतांपैकीं एका तरुणाच्या आईनें त्यानंतर वर्षानुवर्षें सरकारदरबारीं पाठपुरावा केला. आणि अखेर १ फेब्रुवारी २०२१ पासून त्या देशांत बसगाड्या व मालमोटारी यांच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांहून जुने टायर वापरण्यास बंदी झाली. नक्षी किती उरली याइतकाच जन्म केव्हां झाला हाहि प्रश्न विचारला पाहिजे, हें कळण्यास तीन जीवांची किंमत पडली.

सुदैवानें टायरची जन्मतारीख लपविलेली नसते. त्याच्या भिंतीवर, बहुधा लांबट गोलांत, चार अंक उठविलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘३४१६’ असें असेल, तर तो टायर २०१६ सालच्या चौतिसाव्या आठवड्यांत, म्हणजे ऑगस्टच्या चवथ्या आठवड्यांत झाला. तीन अंकच असतील, तर टायर २००० सालाच्या आधींचा. त्याच्याबद्दल अधिक विचार करण्याचें कारणच नाहीं. हे अंक पुष्कळदां एकाच भिंतीवर असतात आणि डिकींत ती बाजू खालीं गेलेली असते. म्हणून चाक उचलून, उलटून पाहण्याचा कंटाळा करूं नये.

तारीख कळल्यावर काय करावें? ब्रिटनमधील रबर-कारखानदारांच्या संघानें २००१ सालीं अशी सूचना केली होती कीं, सहा वर्षांहून जुना न वापरलेला टायर गाडीस चढवूं नये, आणि दहा वर्षांनंतर कोणताहि टायर बदलावा. कित्येक मोटार-कारखाने स्टेपनीसह सर्व टायर सहा वर्षांनीं बदला असें सांगतात. कांहीं टायर-कारखाने पांच वर्षांनंतर दरवर्षीं जाणकाराकडून तपासणी आणि दहा वर्षें ही अखेरची मर्यादा सांगतात. यांचें सार घरगुती व्यवहारासाठीं असें काढतां येईल: पांच वर्षांपर्यंत नेहमींची देखभाल, पांचानंतर दरसाल तपासणी, सहानंतर ती स्टेपनी केवळ सावकाश दुकानापर्यंत पोंचण्यापुरती, आणि दहा झाल्यावर, ती कितीहि नवी दिसो, तिची रजा. ज्या जिल्ह्यांत उन्हाळा कडक आहे तेथें दहांची वाट न पाहतां सहांच्या जवळपासच निर्णय घेणें शहाणपणाचें. नवा टायर विकत घेतांनाहि हे चार अंक आधीं वाचावे. दुकानांत तीन-चार वर्षें पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेणें म्हणजे त्याच्या आयुष्याचा मोठा भाग दुकानदारास परत देण्यासारखें आहे.

पूर्ण आकाराची स्टेपनी असेल तर तिला म्हातारपणीं वाया जाऊं न देण्याची एक जुनी युक्ति आहे. चाकांची अदलाबदल करतांना पांचव्यालाहि पाळींत घ्यावें. त्यामुळें पांचहि सारखीं झिजतात, सर्वांची विचारपूस आपोआप होते, आणि अडचणीच्या वेळीं तीन झिजलेल्या चाकांत एक कोरें चाक बसून गाडीचा तोल बिघडत नाहीं. मात्र स्टेपनीचा आकार किंवा प्रकार बाकीच्यांहून वेगळा असेल तर ही युक्ति लागू नाहीं. अशा चाकावर वेग व अंतर दोन्ही आवरावीं.

काळ बदलतो आहे. जुलै २०२० मध्यें केंद्र सरकारनें नियमांत दुरुस्ती करून, ज्या मोटारींत ट्यूब नसलेले टायर, दाब सांगणारें यंत्र व पंक्चर बुजविण्याचें साहित्य असेल त्यांना जादा चाकाची सक्ति ठेविली नाहीं. पण चाक गेलें म्हणून काळजी गेली असें नव्हे. पंक्चर बुजविणाऱ्या त्या द्रवावरहि मुदत छापलेली असते, आणि तोहि डिकींत तापतच असतो. दुसरीकडे रस्ते वेगवान् होत आहेत. मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग ७०१ किलोमीटरांचा. त्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्यें व शेवटचा जून २०२५ मध्यें खुला झाला. तापलेल्या काँक्रीटवर तासनतास एका वेगानें जाणारे टायर फुटूं लागले, तेव्हां २०२३ सालीं परिवहन खात्याला तेथें टायरांची तपासणी सुरू करावी लागली. जुन्या खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडीचा वेगच बेताचा असे, आणि म्हणून म्हातारी स्टेपनी निभावून जाई. नव्या रस्त्यावर तिला तशी सवलत मिळत नाहीं.

या सर्वांवर उपाय महाग नाहीं. दरमहा एकदां, चारी चाकांबरोबर पांचव्याचाहि दाब मोजावा. त्यासाठीं घरीं एक चांगला दाबमापक असावा. हवा वारंवार कमी होत असेल तर नुसती भरीत न बसतां व्हॉल्व्हवर साबणाचें पाणी लावून बुडबुडे येतात का तें पहावें. टोपण जागेवर असावें. स्टेपनीच्या शेजारीं तेलाचे डबे ठेवूं नयेत. तेलाचा थेंब रबराचा वैरी आहे. भिंतीवर भेगा, फुगवटा किंवा कडकपणा दिसल्यास पंक्चरवाल्याच्या ‘चालेल अजून’ या शब्दावर विसंबूं नये. आणि जॅक, पाना व नट सुटतात कीं नाहीं, हें घरच्या अंगणांत एकदां करून पहावें. तरुण मुलामुलींनाहि तें शिकवावें. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षां हें पुष्कळ सोपें आहे.

महाराष्ट्रांत खंडेनवमी-दसऱ्याला शस्त्रें, हत्यारें व यंत्रें पुजण्याची चाल आहे. त्या दिवशीं दारोदारीं मोटारी धुतल्या जातात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, चाकांपुढें नारळ फुटतो. डिकी मात्र बंदच राहते. त्या दिवशीं गालिचा बाजूस सारून पांचवें चाक बाहेर काढावें, पुसावें, त्याची जन्मतारीख मोठ्यानें वाचावी, दाब पहावा, आणि मग त्यालाहि एक फूल वाहावें. वर्षाला हीं दहा मिनिटें दिलीं, तर कशेडीच्या घाटांत, पावसांत, मध्यरात्रीं, वृद्ध आई गाडींत बसली असतां तें चाक आपलें काम चोख बजावील. वेळेला केळें म्हणतात. पण तें केळें वेळेपर्यंत टिकलेलें आहे ना, हें वेळ येण्यापूर्वींच पाहून ठेवावें लागतें.